रंग राहू द्या, आधी डोळे बघा

आठ महिन्यांचा व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा पाळीव सरडा), आणून तीन आठवडे झालेत, चार दिवस काळपट दिसतोय, खाणं कमी झालंय आणि भर दुपारी डोळे मिटून बसतो. हा ताण की आजार, असं तुम्ही विचारलंय.

नुसता काळपट असता तर मी घाबरलो नसतो. सकाळी अंग तापवायला हे गडद होतातच. दिव्याखाली बसून तासाभरात उजळला की विषय संपला. दिवसभर तसाच राहिला तर मात्र काहीतरी खुपतंय: नवी जागा, समोरची सततची ये-जा, मांजर, शेजारच्या पिंजऱ्यातला दुसरा शॅमेलिऑन. माझा पहिला नर आठवडाभर अंग चपटं करून, फुगून डोलत होता. मी दिवा बदलला, किडे बदलले, काही फरक नाही. शेवटी त्याच्या उंचीला डोकं नेऊन पाहिलं, तर काचेत त्याचंच प्रतिबिंब! बाहेरून जाड कागद चिकटवला आणि संध्याकाळपर्यंत गडी हिरवा.

दिवसा मिटलेल्या डोळ्यांचं तसं नाही. ठणठणीत शॅमेलिऑन जागेपणी दोन डोळे दोन दिशांना फिरवतच असतो. (हातात घेतल्यावर डोळे मिटले की काहीजण ‘लाडात आलाय’ म्हणतात. लाड कसले, घाबरलेला असतो बिचारा.) एकटा असतानाही मिटून बसत असेल तर आजारीच धरा. दुखणं लपवण्यात हा प्राणी पटाईत, आपल्याला कळेपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात.

डोळ्यांचे उंचवटे खोल गेलेत का, ते बघा. विष्ठेसोबत येणारा युरेटचा खडा (म्हणजे त्याची घट्ट लघवी) पांढरा हवा. नारिंगी असेल तर पाणी कमी पडतंय. वाटीतलं पाणी हे सहसा पीत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात, त्यामुळे फवारा वाढवा. मग फांदीवरची पकड पाहा. पाय वाकडे दिसतायत, जबडा मऊ लागतोय, जीभ किड्यापर्यंत पोचत नाही, असं असेल तर हाडांचा आजार, म्हणजे कॅल्शियम किंवा यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) कमी. यूव्हीबीची नळी उजेड देत राहते, पण किरण कमी होत जातात. साधारण 6 ते 12 महिन्यांनी ती बदलावीच लागते. बंद खिडकीतलं ऊन यासाठी कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते.

दिव्याखाली तोंड उघडलं तर गरम होतंय, दिवा थोडा वर घ्या. दिव्यापासून लांब असतानाही मान वर करून तोंड उघडतोय, तोंडात फेस किंवा चिकट लाळ आहे, श्वासाला टकटक आवाज येतोय, तर फुप्फुसांचा संसर्ग असू शकतो. तेव्हा उद्यावर ढकलू नका. घरातलं अँटिबायोटिक नको, तोंड उघडून भरवणंही नको.

डोळ्यांचं लक्षण आहेच, त्यामुळे बाकी काही सापडलं नाही तरी सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्याच. ताजी विष्ठा डबीत घ्या, जंत त्यातच कळतात. पिंजऱ्याचा आणि दिव्यांचा फोटोही न्या.

आणि हो, नरच आहे ना? व्हेल्ड नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासून बारीक काटा असतो. तो नसेल तर मादी, आणि मादी नराशिवायही अंडी धरते. खणायला ओलसर माती नसेल तर अंडी पोटात अडकतात. तसं असेल तर डॉक्टरांना फोनवरच सांगून ठेवा.