आरोग्य व्यवस्थेचं विश्लेषण कोणत्या चौकटीने करावं, आणि एखादी सुधारणा यशस्वी झाली हे कशावरून ठरवावं?

तुम्ही लिहिलंय की एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहात, प्रबंधासाठी चौकट हवी आहे, आणि गाईड म्हणतात, ‘सुधारणेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे समोरासमोर ठेव, झालं मूल्यमापन.’ चौकटीबद्दल सांगते. पण गाईडचं हे वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एकांच्या तोंडून ऐकलंय, त्यामुळे आधी तेच.

आमच्या टीमकडे एका सुधारणेच्या मूल्यमापनाचं काम होतं. सुधारणा साधी होती. प्राथमिक केंद्रात येणाऱ्या तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब मोजायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. नोंदींचं प्रमाण ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेलं की त्या केंद्रातल्या सगळ्यांना प्रोत्साहन भत्ता. वर्षभरात आलेख चढत गेला. टीमचे प्रमुख सर खूश होते. मी आकडेवारी बघायचे, म्हणून मला एका केंद्रावर मूळ रजिस्टरं तपासायला पाठवलं.

रजिस्टर अगदी सुबक. पानावर पंचवीस ओळी, आणि रक्तदाबाच्या रकान्यात 120/80, 130/80, 140/90, पुन्हा 120/80. कुठे 126 नाही, कुठे 134 नाही. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे नीट वाचलं तर शेवटी शून्य साधारण पाचातून एकदा यावं, डिजिटल यंत्रावर दहातून एकदा. इथे पानभर शून्यच. घाईत आकडा जवळच्या शून्यावर नेऊन टेकवणं जगभर चालतं, तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही. म्हणून सिस्टरना म्हटलं, जरा मशीन दाखवता का?

त्यांनी कपाट उघडलं. कफचं व्हेलक्रो गेलेलं, त्याला बँडेजची पट्टी गुंडाळलेली. रबरी फुग्याला लांब चीर. मी दाबून बघितला, हवा सगळी बोटांमधून निघून गेली. सिस्टर म्हणाल्या, ‘चार महिने झाले मॅडम. तीनदा मागणी पाठवली. रकाना रिकामा ठेवला तर सगळ्यांचा भत्ता जातो, शिपायाचासुद्धा. आणि मग सगळे माझ्याकडे बघतात.’

परत आल्यावर मी सरांना सांगितलं, नोंदींच्या टक्क्यांवर अहवाल उभा करू नका. थोड्या रुग्णांचा रक्तदाब आपण आपल्या मशीनने पुन्हा मोजू, आणि जिथे ही योजना अजून गेलेली नाही अशा केंद्रांतही मोजू. सर म्हणाले, ‘आपल्याला मूल्यमापन सांगितलंय, तपासणी नाही. आधी रकाने रिकामे होते, आता भरलेत. तसं लिही.’ मी खूप वाद घातला. शेवटी माझं निरीक्षण परिशिष्टात गेलं, केंद्राच्या क्रमांकासकट, आणि मुख्य अहवालात ‘यशस्वी’ हा शब्द राहिला. वरच्या लोकांनी अख्ख्या अहवालातून नेमकं ते परिशिष्ट उचललं. सिस्टरना कारणे दाखवा नोटीस गेली. मशीन त्यानंतर दोन महिन्यांनी पोचलं. परिशिष्टातला क्रमांक मी काढायला हवा होता. काढला नाही, ती चूक माझी, आणि तेव्हापासून मी कुठल्याही अहवालात केंद्र ओळखू येईल असा तपशील ठेवत नाही.

आता चौकट. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली सहा घटकांची चौकट मांडली: सेवा, मनुष्यबळ, माहिती, औषधं-उपकरणं, निधी, नेतृत्व. व्यवस्थेत काय आहे आणि काय नाही याची यादी करायला ती बरी. एक गोष्ट हलवली की दुसरी का बिघडते, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी मी हार्वर्डच्या मंडळींची 2004 ची चौकट वापरते. तिच्यात व्यवस्थेच्या पाच कळा, म्हणजे फिरवायची बटणं, मानल्या आहेत: पैसा उभा कसा करायचा, तो सेवा देणाऱ्याला कशाबद्दल द्यायचा, सेवेची रचना, नियमन, आणि लोकांचं व डॉक्टरांचं वर्तन. या कळा फिरवून शेवटी तीन गोष्टी साधायच्या असतात. लोकांचं आरोग्य, त्यांचं समाधान, आणि आजारपणाच्या खर्चापासून संरक्षण. त्या केंद्रावर मोबदल्याची कळ फिरवली होती. मशीन कोण देणार, बिघडलं तर किती दिवसांत बदलणार, या रचनेच्या कळेला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. सिस्टरनी फक्त त्यातून वाट काढली. मोठ्या व्यवस्थांतही हेच होतं. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागाला रुग्ण चार तासांत हातावेगळा करायचं लक्ष्य दिलं, तर चार तास भरायच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याचं प्रमाण एकदम उसळलेलं दिसायचं.

‘यशस्वी’ कशावरून म्हणायचं? तुमच्या गाईडचं म्हणणं चूक आहे, आणि सरांचंही चूक होतं. आधी-नंतरच्या दोन आकड्यांच्या फरकात सुधारणेचा परिणाम असतो, तसा त्या काळात बदललेल्या बाकी प्रत्येक गोष्टीचाही असतो. सुधारणा झाली नसती तर काय झालं असतं, याचा अंदाज देणारा तुलनागट नसेल तर तुमच्याकडे फक्त दोन आकडे आहेत. मेक्सिकोने सेगुरो पॉप्युलर ही विमा योजना आणली तेव्हा काही भागांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून ती आधी दिली, आणि तशाच दुसऱ्या भागांशी तुलना केली. दहा महिन्यांत उपचाराच्या खर्चाखाली भरडल्या जाणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण घटलं. दवाखान्यात जाण्यात आणि तब्येतीत मात्र फरक दिसला नाही. मग ती योजना यशस्वी की अयशस्वी? तीन उद्दिष्टांपैकी कोणत्या उद्दिष्टाबद्दल विचारताय ते आधी सांगा.

अमेरिकेत ओरेगॉन राज्याने 2008 मध्ये जागा कमी म्हणून मेडिकेडसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, सोडत काढली, आणि संशोधकांना आयता तुलनागट मिळाला. सुमारे दोन वर्षांनी बारा हजारांहून जास्त लोकांचा रक्तदाब त्यांनी दवाखान्याच्या नोंदींवर न विसंबता स्वतः मोजला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत ठोस सुधारणा सापडली नाही. नैराश्याचं प्रमाण मात्र सुमारे 9 टक्के अंकांनी घटलं आणि कंबर मोडणारा खर्च जवळपास संपला. नोंदींवर विसंबून हे निष्कर्ष कधी हाती आले नसते. सर आजही परिषदांमध्ये भेटतात. त्यांना मी हा अभ्यास दोनदा पाठवलाय. तपासणीशिवाय मूल्यमापन होत नाही, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे.

देशांच्या क्रमवारीच्या नादी लागू नका. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने 191 देशांची यादी लावली, फ्रान्स पहिला, अमेरिका सदतिसावी. बऱ्याच देशांचे आकडे अंदाजाने भरलेले होते. एवढा गदारोळ झाला की तशी क्रमवारी संघटनेने पुन्हा काढली नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सोडत किंवा चिठ्ठ्या प्रत्येक वेळी शक्य नसतात. तेव्हा सुधारणेआधीच्या निदान दोन-तीन वर्षांचे महिनावार आकडे घ्या आणि चढ-उताराचा कल सुधारणेच्या महिन्यात मोडतो का ते बघा. त्यातही शेजारचा तुलनागट मिळाला तर सोडू नका. दुसरं, माझ्या अनुभवावरून कामगिरीवर पैसे देणं वाईटच असतं असं समजू नका. रवांडामध्ये 166 केंद्रांत याचा प्रयोग झाला. तुलनेच्या केंद्रांनाही सरासरीने तेवढेच पैसे दिले, फक्त अट न घालता, म्हणजे परिणाम पैशाचा की अटीचा हे वेगळं काढता आलं. अटीच्या केंद्रांत दवाखान्यातल्या प्रसूती 23 टक्क्यांनी वाढल्या. गरोदरपणातल्या चार तपासण्या पूर्ण होण्यात आणि मुलांच्या पूर्ण लसीकरणात सुधारणा झाली नाही. इतका नीट आखलेला अभ्यास आमच्या हाताने व्हावा अशी माझी इच्छा होती, आणि तेव्हा तो करता आला असता.

तुमचा विषय कोणती सुधारणा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती कुठलीही असो, मूळ रजिस्टरं बघण्याची लेखी परवानगी पहिल्याच अर्जात मागून घ्या, नंतर ती मिळत नाही. आणि ज्या वस्तूने मोजमाप झालं ती वस्तू एकदा हातात घेऊन बघा.