सनी रोलिन्सचा पूल आणि तुझा ब्रेक

हो, अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स कार्यक्रम बंद करून पुलावर रियाज करायचा, ती गोष्ट शंभर टक्के खरी आहे. तू विचारलंयस की वेंगुर्ल्यात राहून हळदी-लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सॅक्स वाजवतोस, आता वर्षभर काम बंद ठेवून नुसता रियाज करायचाय, तर लोक विसरतील का. रोलिन्सला तरी नाही विसरले.

1930 चा जन्म, आईवडील कॅरिबियन बेटांवरचे, वाढला न्यूयॉर्कच्या हार्लेममधे. तरुणपणी हेरॉइन, तुरुंग सगळं झालं, 1955 ला लेक्सिंग्टनच्या हॉस्पिटलात जाऊन व्यसन सोडवून आला आणि पुढच्याच वर्षी 'सॅक्सोफोन कोलोसस' हा अल्बम रेकॉर्ड केला. त्यातलं 'सेंट थॉमस' ऐकच, ती चाल त्याची आई गायची. मग 1957 चं 'वे आउट वेस्ट', त्यात पियानोच नाही रे, फक्त बेस आणि ड्रम्स, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरायला मागे कोणी नाही, सगळं गाणं सॅक्सवाल्यानेच उभं करायचं. कीबोर्डच्या आधाराने वाजवायची सवय झालेल्या प्रत्येकाने हे ऐकावं असं मला फार वाटतं.

आणि एवढं नाव झाल्यावर 1959 मधे गड्याने कार्यक्रमच बंद केले. लोक डोक्यावर घेत होते पण आपलं वाजवणं त्याला स्वतःलाच पुरेसं वाटत नव्हतं. घर मॅनहॅटनमधे दाटीवाटीच्या वस्तीत, शेजारी गरोदर बाई, तिला त्रास नको म्हणून जवळच्या विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊन वाजवायचा, थंडीतसुद्धा, कधी कधी दिवसाला पंधरा पंधरा तास. बाजूने ट्रेन, खाली बोटी, कितीही जोरात फुंका. 1961 च्या शेवटी परतला, 1962 ला 'द ब्रिज' आला, जिम हॉलची गिटार सोबत. काही समीक्षक नाराज झाले, त्यांना एकदम क्रांती हवी होती, पण मला त्यातला ठाम, मोकळा सूरच खरी कमाई वाटते. 1969 ला परत थांबला, त्या काळात आपल्या पवईच्या आश्रमात काही महिने योग आणि ध्यान शिकला. आणि तरी 2012 पर्यंत स्टेजवर होता!

तर थांब, पण अक्खं वर्ष कशाला? आपल्याकडे पावसाळ्यात लग्नं नसतातच, जून ते तुळशीचं लग्न हा वेळ पूर्ण रियाजाला दे आणि लाँग टोन (एकच सूर लांबवर धरून वाजवणं) रोज, कंटाळा आला तरी. जागा म्हणशील तर बंदरावर नको, खाऱ्या हवेने स्प्रिंग गंजतात, गावामागच्या सड्यावर (उघड्या कातळ पठारावर) जा, तिथे भिंत नाही की घुमणारा आवाज नाही, आपला टोन जसा आहे तसा ऐकू येतो. पाऊस असेल तेव्हा मांगरात (शेतातल्या झोपडीवजा घरात). वाजवून झालं की आतून पुसल्याशिवाय केसमधे ठेवू नको, कळांखालचे पॅड ओले राहिले की आपल्या दमट हवेत लवकर खराब होतात. आणि ऑर्केस्ट्रावाल्याला आत्ताच सांगून ठेव की तुळशीच्या लग्नानंतर मी आहे, नाहीतर जागा कायमची दुसऱ्याला जाईल.