नाडीला राग कळतो का?

प्रश्न : रात्री दोन-तीनला जाग येते, मान आखडते, चिडचिड होते. ॲक्युपंक्चरवाल्यांनी दोन्ही मनगटं तपासून सांगितलं, 'लिव्हरची नाडी ताणलेली आहे, तुम्ही राग गिळता.' सोनोग्राफीत तर लिव्हर नॉर्मल आहे. खरं काय मानायचं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सोनोग्राफी चुकलेली नाही. चिनी वैद्यकातलं लिव्हर म्हणजे नुसता तो अवयव नव्हे. अंगभर प्राणशक्ती (ते तिला 'ची' म्हणतात) खेळती ठेवण्याचं काम त्या नावावर आहे आणि भावनांपैकी राग त्याच्याच खात्यात. हर्ष हृदयाकडे, अतिविचार प्लीहेकडे, शोक फुफ्फुसाकडे, भीती मूत्रपिंडाकडे. रागाने ही शक्ती वर चढते, भीतीने खाली उतरते, विचाराने अडून बसते, असं 'हुआंग दी नेइ जिंग' हा प्राचीन ग्रंथ सांगतो.

नाडी पाहताना अंगठ्याच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर आलेलं लागतं, त्याच्या आतल्या अंगाला मधलं बोट ठेवतात. तर्जनी तळहाताकडे, अनामिका कोपराकडे. डाव्या हातावर या क्रमाने हृदय, लिव्हर, मूत्रपिंड. उजव्या हातावर फुफ्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड, पण त्याची उष्ण बाजू. प्रत्येक जागी हलका, मध्यम आणि खोल असा तीनदा दाब. डावीकडे मधल्या बोटाखाली नाडी लांब, ताठ लागली की ती 'श्यान', म्हणजे तुम्हाला सांगितलेली ताणलेली नाडी. ग्रंथात तिला वाद्याच्या तारेची उपमा आहे. मिरजेत तंबोऱ्याची चढवलेली तार बोटाने दाबून पाहा.

अडचण अशी की तार फक्त रागाने ताणत नाही. दुखणं, वाढलेलं बीपी, वयाने कडक झालेल्या धमन्या यांतही नाडी अशीच लागते. शिवाय नाडी ही चार तपासण्यांपैकी एक. पाहणं, ऐकणं-हुंगणं आणि विचारणं या बाकीच्या तीन. 'राग गिळता' हे बहुधा तुमच्या बोलण्यातून उमगलेलं असतं. त्यात गैर काही नाही, पण त्याला मनाच्या आजाराचं निदान समजू नका. एकाच माणसाची नाडी दोघांनी पाहिली तर मत जुळेलच असं नाही.

आधी बीपी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच करून घ्या. चिनी काढा दिला तर त्यात ज्येष्ठमध आहे का विचारा. तो जास्त दिवस घेतला तर बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं. झोपेची किंवा डिप्रेशनची गोळी चालू असेल तर नाडीच्या भरवशावर बंद करू नका. उदासी हटेना, जगणं नकोसं वाटलं तर थांबू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

प्रश्न : आमचे वैद्यही तीन बोटांनीच नाडी पाहतात. दोन्ही एकच ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : बोटं तीच, हिशोब वेगळा. वैद्यांच्या तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ. नाडी सर्पासारखी, बेडकासारखी, हंसासारखी चालते ही वर्णनं शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातली. पुरुषाचा उजवा, स्त्रीचा डावा हात आधी पाहायची रीत. चिनी पद्धतीत दोन्ही हात लागतात. तिसऱ्या शतकात चिनी वैद्य वांग शू-ह यांनी नाडीचे २४ प्रकार लिहिले, १५६४ मध्ये ली श-चन यांनी २७. एकाचं निदान दुसऱ्याकडे नेऊन पडताळता येत नाही.

प्रश्न : दर वेळी माझी नाडी वेगळीच सांगतात. असं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सकाळी अजिंक्यतारा चढून थेट दवाखान्यात गेलात तर दुसरं काय होणार! निदान १५ मिनिटं बसा. चहा, तंबाखू, मिश्री आधी नको. भरल्या पोटीही नको. घड्याळ, बांगड्या, मनगटाचा दोरा काढा. तळहात वर, हात हृदयाच्या पातळीला, मनगटाखाली छोटी उशी. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर आधी सांगा. नाडी औषधानेच मंदावते. तपासणाऱ्याच्या एका श्वासात ४ ते ५ ठोके नेहमीचे, ३ किंवा कमी म्हणजे मंद, ६ किंवा जास्त म्हणजे जलद. प्रत्येक हाताचे किमान ५० ठोके पाहावेत असा दंडक आहे, म्हणजे जवळपास एक मिनिट. दहा सेकंदांत सहाही जागांचं निदान ऐकवणाऱ्याला फी देण्याआधी विचार करा.

काहींची धमनी मनगटाच्या मागच्या बाजूने वळते आणि नेहमीच्या जागी नाडी लागतच नाही. तो आजार नव्हे. मात्र ठोके मध्येच चुकत असतील, अनियमित पडत असतील तर त्याचा भावनांशी संबंध जोडत बसू नका, आधी ईसीजी काढा.