वाचकांचे प्रश्न : गिटारमधली घूंघूं आणि खरखर

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये ब्रिजच्या सॅडलखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा पिएझो पिकअप आणि कडेला तो संकेत वाढवणारा, बॅटरीवर चालणारा प्रीअँप आहे. अँपला जोडल्यावर सतत घूंघूं असा आवाज येतो आणि केबलच्या पिनच्या धातूला बोट लावले की तो बराच कमी होतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते. शिवाय बसून वाजवताना गिटार मांडीवर जरा सरकली, तरी मध्येच आवाज जातो. बॅटरी बदलून पाहिली, काही उपयोग झाला नाही. आता प्रीअँपच बदलून घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. तुमच्या पत्रात एक नव्हे, तीन तक्रारी आहेत. त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी असावीत आणि त्यांतल्या एकीसाठीही प्रीअँप बदलावा लागेल असे मला वाटत नाही.

सर्वांत आधी मध्येच आवाज जाण्याकडे पाहा, कारण हा दोष सापडायला सर्वांत सोपा असतो आणि पुष्कळदा घूंघूंचे मूळही तिथेच निघते. दुसरी, खात्रीची केबल लावून गिटार स्थिर ठेवा आणि पिन जॅकमध्येच हलकेच वर-खाली करून पाहा. केबल बदलूनही आवाज तुटत असेल, तर जॅक सैल झाला आहे, त्याच्या आतली पट्टी पिनेला नीट टेकत नाही किंवा तारेचे सोल्डर सुटत आले आहे. पट्ट्याच्या खुंटीतच जॅक असलेल्या गिटारींमध्ये तो थोडा जास्त आत बसवला गेला की पिन पूर्ण आत जातच नाही. 'टक्' असे जाणवले नाही, तर आधी तेच तपासा. सैल जॅक आवळतानाची एक चूक मी स्वतः केलेली आहे. बाहेरचा नट पान्याने फिरवला, तो छान घट्ट झाल्यासारखा वाटला, पण आत संपूर्ण जॅक नटाबरोबर गोल फिरत होता आणि तिसऱ्या वेढ्याला तार तुटली. अशा जॅकच्या नळीला बहुधा एक आडवे भोक असते. त्यात बारीक खिळा अडकवून नळी धरून ठेवायची आणि मगच नट फिरवायचा.

आता घूंघूं. वीजपुरवठा 50 हर्ट्‌झचा असेल तर 50 आणि 100 हर्ट्‌झचा, 60 चा असेल तर 60 आणि 120 हर्ट्‌झचा हा आवाज आजूबाजूच्या विजेच्या तारांमधून येतो. पिएझो पिकअपमधून निघणारा संकेत अतिशय उच्च इंपिडन्सचा असल्यामुळे, म्हणजे त्यात प्रवाह जवळजवळ नसल्यामुळे, पिकअपपासून प्रीअँपपर्यंतची तार अँटेनासारखी वागते. म्हणूनच तिच्याभोवती धातूची जाळी असते आणि ती अर्थला जोडलेली असावी लागते. धातूला बोट लावल्यावर आवाज कमी होतो, कारण तुमच्या शरीराने आसपासची वीज उचललेली असते आणि स्पर्शाने शरीरच अर्थला जोडले जाते. याचा अर्थ गिटारपासून अँपपर्यंतची अर्थची वाट शाबूत आहे, मात्र पिकअपच्या तारेचे आवरण कुठेतरी अपुरे पडते आहे किंवा त्याचे टोक सुटले आहे. गिटारच्या वाजवायच्या तारांना हात लावून काहीच फरक पडत नसेल, तर तो दोष समजू नका. हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या सॅडलवरून जाणाऱ्या अकूस्टिकच्या तारा अनेकदा अर्थला जोडलेल्याच नसतात.

गिटार उघडण्यापूर्वी तिचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूंघूं गेली, तर ती बहुधा पिकअप आणि प्रीअँपच्या मधल्या भागातून येते आहे. तशीच राहिली, तर केबल, जॅक, अँप किंवा खोलीतली वायरिंग पाहावी लागेल. दिव्याचा डिमर आणि लॅपटॉपचा चार्जर एकेक करून बंद करा. मोबाइलही दूर ठेवा, त्याची 'टिकटिक-घुर्र' वेगळीच ओळखू येते. अँप आणि मिक्सर दोन वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर अर्थचे वेटोळे तयार होऊनही असाच आवाज येतो. तिथे डीआय बॉक्सवरचे (गिटारचा संकेत मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीवरचे) ग्राउंड-लिफ्टचे, म्हणजे संकेताच्या केबलमधली अर्थची जोडणी तोडणारे, बटण उपयोगी पडते. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. गिटारला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वाजवणे तत्काळ थांबवून विजेची वायरिंग तपासून घ्या.

खरखर मात्र साधी आहे. व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रोधकात, धूळ बसली आहे. बॅटरी काढा, पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा, नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि सुकू द्या. घरातले सर्वसाधारण वंगण इथे चालत नाही; ते चिकट थर ठेवते आणि महिन्याभरात खरखर दुप्पट होऊन परत येते.

प्रश्न : माझ्या गिटारची नऊ व्होल्टची बॅटरी दर तीन आठवड्यांनी संपते, मग वाजवणे असो वा नसो. प्रीअँप जास्त वीज खातो आहे का?

उत्तर : तुम्ही केबल गिटारलाच लावून ठेवता का? या गिटारींना वेगळे चालू-बंद बटण नसते. जॅक स्टीरिओ असतो, त्यात मोनो पिन घातली की तिचा लांब धातूचा भाग जॅकमधले दोन संपर्क जोडतो आणि बॅटरीचे सर्किट पूर्ण होते. (म्हणूनच स्टीरिओ केबल लावल्यास अनेक गिटारी मुक्याच राहतात.) अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण 500 मिलिअँपिअर-तास असते. प्रीअँपने 1 मिलिअँपिअर घेतला, तरी हिशोब 500 तासांचा, म्हणजे वीस-एकवीस दिवसांचा होतो, आणि तुमचे तीन आठवडे नेमके तिथेच बसतात. पिन काढून ठेवूनही बॅटरी संपत असेल, तर बॅटरीची एक क्लिप सोडवून मधे मल्टिमीटर जोडा. पिन बाहेर असताना तो शून्य दाखवत नसेल, तर जॅकचे संपर्क वाकून एकमेकांना चिकटले आहेत. जॅक बदलून घ्या, प्रीअँपला हात लावू नका.