खाणीच्या धुळीने फुफ्फुसं गेली, औषधाचा खर्च कुणाचा?

प्रश्न : माझे वडील चंद्रपूर जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खाणीत बरीच वर्षं वेगवेगळ्या ठेकेदारांकडे होते, बहुतेक काळ दगडातून बोगदा काढण्याच्या कामावर. मार्च २०२४ मध्ये काम सुटलं. जुलै २०२५ मध्ये नागपूरला सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार) निघाला. ऑक्सिजनचं मशीन आणि औषधं यांत कर्ज झालं. आता शेवटचा ठेकेदार म्हणतो, पन्नास हजार घ्या आणि ‘आमची काही मागणी नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. काय करावं?

उत्तर : ताई, बाबांची सही होऊ देऊ नका. झाली असेल तरी घाबरू नका. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो.

सिलिकोसिस या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामातून होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. त्यामुळे आजार कामातूनच जडला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. ‘बिडी ओढत होते’ एवढं म्हणून कुणी सुटत नाही. ठेकेदार बदलत गेले म्हणूनही दावा अडत नाही : कलम ३(२अ) प्रमाणे जबाबदारी सगळ्या मालकांत वाटली जाते आणि कलम १२ मुळे मूळ खाण कंपनीही बांधलेली आहे. तिला प्रतिवादी केल्याशिवाय अर्ज देऊ नका. ठेकेदार उद्या सापडणार नाहीत, कंपनी तिथेच असेल.

कर्जाचं म्हणाल, तर कलम ४(२अ) खाली उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, अपंगत्वाच्या भरपाईशिवाय. म्हणून मशीनचं आणि औषधांचं प्रत्येक बिल जपा. भरपाई थकवली तर तिच्यावर १२ टक्के व्याजही मागा.

काम सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणं आढळली, हे तुमच्या बाजूचं आहे. ती आढळली त्या दिवसापासून दावा करायला दोन वर्षं मिळतात. जुलै २०२५ धरला तर जुलै २०२७ पर्यंत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण आजार त्याआधीचा असल्याने माझ्या मते अर्ज जुन्या कायद्याखालीच द्यावा. बाबा राहतात त्या भागाच्या कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडेही तो देता येतो.

खरी लढाई पुराव्याची. व्हीटीसीचं (खाणीच्या प्रशिक्षण केंद्राचं) प्रमाणपत्र, बी-फॉर्म रजिस्टरमधली (खाण कामगारांच्या नोंदवहीतली) नोंद, पीएमईचे (ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचे) ‘नमुना ओ’ अहवाल आणि पीएफचा उतारा गोळा करा. कंपनी सरकारी असेल तर माहितीच्या अधिकारात मागा. रुग्णालयाच्या कागदांवर नुसतं ‘टीबी’ किंवा ‘सीओपीडी’ (श्वासमार्गाचा जुनाट आजार) राहू देऊ नका. खाणीतल्या कामाचा इतिहास डॉक्टरांकडून लिहून घ्या. असा रुग्ण आढळला की खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते झालं का, हे नक्की विचारा.

कामगाराच्या आरोग्याचा हक्क निवृत्तीनंतरही संविधानाच्या अनुच्छेद २१ (जगण्याचा हक्क) खाली येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

उपचार मात्र निकालासाठी थांबवू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर चंद्रपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा, याच आठवड्यात.