गूगल असताना लोकल सर्चमध्ये (म्हणजे आपल्या भागातली दुकानं, सेवा ऑनलाइन शोधणं) वृत्तपत्र कंपन्यांना काही जागा उरलीये का?

उरलीये, पण सर्च इंजिन बनवण्यात नाही, ती लढाई कधीच संपली.

पेपरांना मूळ मार बसला तो छोट्या जाहिरातींवर. अमेरिकेत १९९५ला क्रेगलिस्ट ही ऑनलाइन छोट्या जाहिरातींची सेवा सुरू झाली आणि घर, नोकरी, जुनी गाडी असल्या जाहिराती लोक तिकडे फुकटात टाकायला लागले, पेपरवाल्यांचा खरा पैसा तर त्यातच होता (बातम्यांवर कोण कमवत होतं!). मग काही वृत्तपत्र ग्रुप शहाणे झाले, एकत्र येऊन करिअरबिल्डर (नोकऱ्यांची), कार्स डॉट कॉम (गाड्यांची) अशा साइट्समध्ये भागीदार झाले, २००६ला बऱ्याच जणांनी जाहिरातींसाठी याहूशी हातमिळवणी पण केली.

मला विचाराल तर सगळ्यात हुशार चाल गॅनेट या अमेरिकन वृत्तपत्र कंपनीची, २०१६ मध्ये त्यांनी रीचलोकल ही छोट्या धंद्यांच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळणारी कंपनी विकत घेतली. म्हणजे दुकानदाराला पेपरात जाहिरातीची चौकट विकायची आणि सोबत त्याच्या गूगलवरच्या जाहिरातीही आपणच सांभाळायच्या, कारण गल्लीबोळात ओळख असलेली सेल्सची माणसं पेपरकडे आधीपासूनच असतात, गूगलकडे ती नसतात. अर्थात यात मार्जिन कमी, जाहिरातीवरच्या क्लिकचा पैसा शेवटी गूगललाच जातो.

बाकी पेवॉल (पैसे भरल्याशिवाय बातमी वाचता न येणं) वगैरे आहेच, पण ते मोठ्या नावांना जमतं. छोट्या पेपरने निदान आपल्या भागाच्या बातम्या आणि कार्यक्रमांची पानं तरी सर्चमध्ये नीट दिसतील अशी ठेवावीत.