चर्चने इस्राएलची, म्हणजे देवानं निवडलेल्या यहूदी लोकांची, जागा घेतली का? ख्रिस्ती लोक याबद्दल नक्की काय मानतात?

प्रश्न वाचला आणि आमच्या घरातलं बुधवारचं बायबल वाचन आठवलं. आठ वर्षं झाली, राग अजून गेलेला नाही.

आम्ही नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. वडील बोरीची कलमं करायचे. गावठी बोरीच्या खुंटावर उमराण जातीचा डोळा भरायचा, पट्टी बांधायची, डोळा फुटला की वरचा शेंडा छाटायचा. त्या दिवशी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय होता. त्यात प्रेषित पौल परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना सांगतो, तुम्ही रानटी जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) फांद्या, चांगल्या जैतुनावर कलम केलेल्या. फुशारकी मारू नका, तुम्ही मुळाला धरलेलं नाही, मुळानं तुम्हाला धरलंय. वडिलांनी चष्मा काढला. "हे उलटं आहे. आपण गावठीवर चांगलं बांधतो. चांगल्यावर रानटी कोण बांधतं?" मग त्यांनीच चोविसावं वचन काढून दाखवलं. हे निसर्गाच्या उलट आहे असं पौल स्वतःच लिहितो. "बघा, त्याला माहीत होतं. आपण त्या झाडावर आहोत हीच मेहेरबानी."

आमचे दाजी तेव्हा नुकतेच पवित्र भूमीची सहल करून आले होते. ते जातात त्या नव्या मंडळीत (चर्चमध्ये) स्टेजवर इस्राएलचा झेंडा असतो. त्यांनी उत्पत्ती 12:3 लावून धरलं: यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याला जो आशीर्वाद देईल त्याला देव आशीर्वाद देईल, म्हणून इस्राएलच्या सरकारविरुद्ध चकार शब्द काढायचा नाही. वडिलांनी एवढंच विचारलं, "मग बेथलेहेमातल्या आपल्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी काय करायचं?" दाजी म्हणाले, "मामा, ही काय शेतीशाळा आहे का?" वडील गप्प झाले. मीही गप्प बसलो, आणि खरं सांगायचं तर राग त्याचाच जास्त आहे.

आता तुमचा प्रश्न. मंडळी हाच खरा इस्राएल, हे दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टिर हा ख्रिस्ती लेखक लिहून गेला. पुढे तेच रुळलं आणि त्याची फळं कडू निघाली. यहूद्यांची सभास्थानं जाळा, असं 1543 मध्ये लिहिणारा ल्यूथर आम्हा प्रोटेस्टंटांचाच. दुसरं टोक एकोणिसाव्या शतकातल्या डार्बी या उपदेशकाचं: इस्राएल वेगळा, मंडळी वेगळी, देवाच्या दोन योजना. 1909 च्या स्कोफिल्डच्या टीपांवाल्या बायबलनं ते अमेरिकेत घरोघरी नेलं. दाजींची शिकवण त्या वाटेनं आली आहे, थेट अब्राहामाकडून नव्हे. कॅथलिकांनी 1965 मध्ये 'नोस्त्रा एताते' या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्रात यहूद्यांना देवानं टाकलेले किंवा शापित म्हणू नका असं स्पष्ट केलं, आणि आधार घेतला तो याच जैतुनाचा.

माझ्या मते दोन्ही टोकं चूक. देव आपलं पाचारण मागे घेत नाही असं पौल 11:29 मध्ये म्हणतो, तेव्हा यहूद्यांना बाजूला सारून त्यांच्या जागी आपण बसलो हा गर्व खोटा. पण पाचारण म्हणजे आजच्या कुठल्या मंत्रिमंडळाला कोरा चेक नव्हे. आमोस आणि यिर्मया या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांनी आपल्याच लोकांच्या राजांविरुद्ध उघड सुनावलं. आमोस आज दाजींच्या मंडळीत आला तर त्याला संध्याकाळच्या आत व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढतील.

असो. मी काही सेमिनरीत शिकलेलो नाही, आणि त्याच अध्यायातल्या 'सर्व इस्राएलाचं तारण होईल' यातले 'सर्व' म्हणजे कोण यावर विद्वान अजून भांडतात. दाजींना यहूद्यांबद्दल खरंच प्रेम आहे. आमच्या पूर्वसुरींच्या द्वेषापेक्षा ते कधीही बरं. सगळ्या नव्या मंडळ्या अशाच असतात असंही नाही.

पण तुमच्या घरी असा वाद निघाला तर म्हाताऱ्या माणसाचं आधी ऐकून घ्या. वडील गेले. बांधावरची उमराण आहे, आणि दाजी दर हिवाळ्यात मंडळीत वाटायला दोन पिशव्या भरून नेतात.